त्या दिवशी गुरुवार होता

मध्य प्रदेशात, सागर जिल्ह्यात, बीना नदीच्या काठी एरण नावाचे गाव आहे. तिथे जुन्या देवळांच्या अवशेषांत एक उंच दगडी खांब अजून ताठ उभा आहे. मातृविष्णू आणि धन्यविष्णू या दोघा भावांनी तो विष्णूचा ध्वजस्तंभ म्हणून उभारला आणि त्यावर लेख कोरवून घेतला. बुधगुप्त राजा राज्य करत असताना, एकशे पासष्टाव्या वर्षी, आषाढ महिन्यात, शुद्ध द्वादशीला, देवांच्या गुरूच्या वारी, म्हणजे गुरुवारी हा खांब उभा राहिला, असे तो लेख सांगतो.

वर्ष आहे, महिना आहे, तिथी आहे, वारसुद्धा आहे. फक्त हे एकशे पासष्ट कशापासून मोजायचे, तेवढे नाही. कोरवून घेणाऱ्यांना ते सांगायची गरज वाटली नसेल. आपण तरी पत्रावर तारीख घालताना सन कुठला ते कुठे लिहितो?

पण त्या न लिहिलेल्या एका शब्दापायी एकोणिसाव्या शतकातले इतिहासकार पन्नास वर्षे भांडत होते. गुप्त राजांचे वर्ष म्हणजे आपला शकच, असे एडवर्ड थॉमस यांचे म्हणणे. तसे धरले तर एरणचा खांब इसवी सन २४३ मधला ठरतो. अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी गुप्तांच्या वर्षाचा आरंभ इसवी सन १६६ च्या सुमारास धरला. अल्बेरुनीने तर अकराव्या शतकातच लिहून ठेवले होते की शकानंतर २४१ वर्षांनी गुप्तकाल सुरू होतो. पण त्याच वाक्याचा एक अर्थ असाही लावला गेला की गुप्तांचा नाश झाला तेव्हापासून तो मोजतात. सारा गुप्तकाळ अडीचशे वर्षे मागेपुढे हिंदकळत होता. त्याच्याबरोबर हूणांचा तोरमाण हिंदकळत होता, कारण एरणलाच वराहाच्या मूर्तीवर तोरमाणाच्या पहिल्या वर्षाचा लेख आहे आणि त्यात मातृविष्णू वारल्याचे, धाकट्या धन्यविष्णूने देऊळ बांधल्याचे लिहिले आहे. आपल्याकडचे वाकाटकही हिंदकळत होते. चंद्रगुप्ताची लेक प्रभावतीगुप्ता वाकाटकांची सून, त्यामुळे सासरचा काळ माहेरच्या काळाला बांधलेला. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातला लेख वाकाटकांच्या वराहदेव नावाच्या मंत्र्याचा आहे. म्हणजे अजिंठा कधीचे, या प्रश्नाची एक दोरी एरणच्या त्या खांबाला येऊन अडकते.

हा गुंता सोडवण्याचे मुख्य श्रेय जॉन फेथफुल फ्लीट या मुंबई इलाख्यातल्या अधिकाऱ्याला मिळते आणि ते योग्यच आहे. गुप्तांच्या कोरीव लेखांचा त्याचा जाडजूड संग्रह १८८८ मध्ये निघाला आणि गुप्तवर्षाचा आरंभ इसवी सन ३१९-२० हा त्यात पक्का झाला. त्या ग्रंथाच्या शेवटी काही परिशिष्टे आहेत. कोरीव लेखातली तिथी घेऊन तिचा वार आणि इंग्रजी तारीख कशी काढायची, हे एका परिशिष्टात रीतसर शिकवले आहे. दुसऱ्यात गुरूच्या बारा वर्षांच्या चक्राचा उलगडा आहे. दोन्हींचा लेखक एकच: शंकर बाळकृष्ण दीक्षित, शिक्षणखात्यातला एक मराठी शिक्षक.

कोकणात मुरूड नावाची दोन गावे आहेत. एक जंजिऱ्याजवळचे; दुसरे दापोलीजवळ, हर्णैला लागून, महर्षी कर्व्यांचे म्हणून आपण ओळखतो ते. दीक्षित या दुसऱ्या मुरूडचे. जन्म १८५३ चा, म्हणजे कर्व्यांपेक्षा पाच वर्षांनी थोरले. गावातच मराठी शाळा झाली, संस्कृताची आणि वेदाध्ययनाची तोंडओळख झाली. मग पुण्याचे ट्रेनिंग कॉलेज, मॅट्रिक आणि लगेच नोकरी. रेवदंडा, ठाणे, बार्शी, धुळे, शेवटी पुन्हा पुणे, अशा बदल्या. विद्यापीठाची पदवी नाही, वेधशाळा नाही, दुर्बीण बाळगणारा कोणी सरदार पाठीशी नाही. दिवसभर वर्गावर उभे राहायचे आणि रात्री कंदिलाच्या उजेडात गणित करायचे, असे आयुष्य. पंचेचाळिशीच्या आत, १८९८ मध्ये, ते संपले.

एवढ्यात त्यांनी काय केले, हे नीट कळायला एक तिथी जवळून बघावी लागेल.

चंद्र सूर्याच्या पुढे बारा अंश गेला की एक तिथी संपते. आकाशातली ही घटना घड्याळ बघून होत नाही. पहाटे होईल, भर दुपारी होईल, मध्यरात्री होईल. चंद्राची चाल कधी जलद तर कधी मंद, म्हणून तिथी कधी एकोणीस-वीस तासांत आटोपते, कधी सव्वीस तासांपर्यंत लांबते. व्यवहारात आपण सूर्योदयाला जी तिथी चालू असेल ती त्या दिवसाची धरतो. म्हणून एखादी तिथी दोन सूर्योदय पाहते आणि तिची वृद्धी होते. एखादी दोन सूर्योदयांच्या मधल्या मध्ये सुरू होऊन संपूनही जाते, तिचा क्षय. जुन्या लेखातल्या तिथीचा दिवस शोधायचा म्हणजे त्या दिवशीच्या सूर्योदयापासून किती घटका आणि किती पळांनी ती तिथी संपली, ते काढावे लागते. घटका म्हणजे चोवीस मिनिटे, पळ म्हणजे चोवीस सेकंद. दीड हजार वर्षे मागे जाऊन, पळापळाचा हिशेब करत, फक्त पाटी आणि कोष्टके यांच्या जोरावर.

गुप्तवर्षाचा आरंभ ३१९-२० धरला तर १६५ वे वर्ष इसवी सन ४८४ मध्ये येते. त्या वर्षीची आषाढ शुद्ध द्वादशी गणिताने काढली तर २१ जून येते. आणि २१ जून ४८४ या दिवशी गुरुवार होता.

मी हे गणित माझ्यापुरते करून पाहिले. माझ्याजवळ यंत्र होते, तयार सूत्रे होती. अमावास्येपासून त्या दिवशी दुपारी चंद्राचे वय पावणेबारा दिवसांहून किंचित जास्त निघाले, म्हणजे बारावी तिथी. उत्तर आधीच माहीत असूनही वार जुळला तेव्हा अंगावर काटा आला. कोणा एका अनाम माणसाने दगडावर छिन्नी चालवताना तो वार कोरला नसता तर आपल्याकडे ही पडताळणी नसती.

आता, एक वार जुळला म्हणून सगळे सिद्ध झाले असे दीक्षित किंवा फ्लीट मानत नव्हते. वार सातच. अंदाजपंचे कुठलेही वर्ष धरले तरी सातांत एकदा गुरुवार येणारच. म्हणून दुसऱ्या बाजूनेही पुरावा हवा होता. तो एक मंदसोरला मिळाला. तिथल्या लेखात रेशीम विणणाऱ्या पटवायांच्या श्रेणीने सूर्याचे देऊळ बांधल्याचे आणि पुढे त्याचा जीर्णोद्धार केल्याचे लिहिले आहे. देऊळ कुमारगुप्ताच्या राज्यात, मालवांच्या ४९३ व्या वर्षी बांधले. मालवांचे वर्ष म्हणजेच विक्रम संवत, त्यामुळे कुमारगुप्त इसवी सन ४३६ मध्ये गादीवर होता हे उघड झाले. शकाचा आणि कनिंगहॅमचा, दोन्ही हिशेब इथे कोलमडले.

दुसरा पुरावा खास दीक्षितांचा आणि मला तो सगळ्यांत सुंदर वाटतो. बुंदेलखंड-बघेलखंडाच्या भागात परिव्राजक महाराजांचे राज्य होते. हस्तिन् आणि संक्षोभ या त्यांच्या राजांच्या ताम्रपटांवर गुप्तवर्षाच्या आकड्याबरोबर वर्षाचे नावही आहे. १५६ वे वर्ष महावैशाख, १६३ वे महाआश्वयुज, १९१ वे महाचैत्र, २०९ वे पुन्हा महाआश्वयुज. महिन्याच्या नावामागे ‘महा’ लावून केलेली ही वर्षांची नावे गुरूच्या बारा वर्षांच्या चक्रातली आहेत, एवढे अभ्यासकांना ठाऊक होते. पण ती कशी ठेवत, हे कोणाला नीट सांगता येत नव्हते. गुरू एका राशीत साधारण वर्षभर असतो, म्हणून त्याच्या मध्यम गतीवरून नाव पडत असावे, अशी समजूत होती. त्या हिशेबाने गेले की गाडी अडे.

दीक्षितांनी जुन्या संहिता काढल्या. त्यांत उदयाची पद्धत होती. गुरू दरवर्षी काही आठवडे सूर्याच्या तेजात बुडतो, आपण म्हणतो गुरूचा अस्त झाला. त्या काळात मुहूर्त नसतात म्हणून लग्नघरात हे शब्द आजही ऐकू येतात. मग एका पहाटे तो पूर्वेला पुन्हा दिसतो. ज्या नक्षत्रात तो उगवला, त्या नक्षत्रावरून वर्षाचे नाव. दोन उदयांमध्ये सुमारे ३९९ दिवस जातात, तेव्हा बारा वर्षांत उदय होतात अकराच. एक नाव गळते. ही गळती ध्यानात घेतली आणि गुप्तवर्षाचा आरंभ ३१९-२० धरला की हस्तिन् आणि संक्षोभ यांची वर्षांची नावे आपापल्या जागी बसतात. ताम्रपट कोरणाऱ्याने आपल्या काळी कुठल्या नक्षत्रात गुरू पहाटे दिसला, ते सांगून ठेवले होते; चौदाशे वर्षे ते कोणी ऐकले नव्हते.

हे गणित दीक्षितांना आले कुठून? युरोपातले विद्वान भारतीय ज्योतिषाचे ग्रंथ वाचत होते ते पोथी म्हणून. दीक्षितांच्या भोवती ती पोथी रोज वापरात होती. गावोगावचे जोशी त्यावरून पंचांग करत होते, वर्षप्रतिपदेला ते वाचत होते, लोक त्यावर लग्ने ठरवत होते. बहुतेक जोश्यांना कृती पाठ होती, तिच्यामागचे कारण माहीत नव्हते. आणि छापील पंचांगे आल्यावर ती कृतीही हळूहळू विसरली जाणार हे दिसत होते. दीक्षितांनी दोन्ही हातांनी काम केले. कृती शिकून घेतली आणि तिच्यामागचे कारणही खणून काढले.

महाराष्ट्रातले पंचांग तेव्हा ग्रहलाघवावरून होत असे. हा ग्रंथ गणेश दैवज्ञांनी शके १४४२ मध्ये, म्हणजे १५२० साली लिहिला. तेही कोकणातलेच, नांदगावचे. त्यांचे वडील केशव दैवज्ञ आकाशाचे वेध घेण्यात मोठे जाणते. दीक्षितांनी गणेश दैवज्ञांवर जे लिहिले आहे त्यात एका शिक्षकाने दुसऱ्या शिक्षकाला ओळखल्याचा आनंद आहे. त्याचे कारण असे. पूर्वीच्या रीतीने ग्रह काढायचा तर आधी कलियुगाच्या आरंभापासून आजवर किती दिवस गेले, तो अहर्गण काढावा लागे. गणेश दैवज्ञांच्या काळात ती संख्या सोळा लाखांच्या वर गेली होती. एवढ्या आकड्याला ग्रहाच्या गतीने गुणायचे, भागायचे, आणि मधे एक आकडा चुकला की सगळे पाण्यात. गणेश दैवज्ञांनी अकरा वर्षांचे एक चक्र केले, दिवस ४०१६. किती चक्रे गेली ते मोजायचे, प्रत्येक चक्रासाठी ठरलेला आकडा वजा करायचा, उरलेल्या दिवसांपुरताच गुणाकार. आणि ज्या ज्याचापांशिवाय, म्हणजे आजच्या शाळेतल्या साइनच्या कोष्टकांशिवाय, ज्योतिषाचे पान हलत नसे, ती त्यांनी संपूर्ण ग्रंथातून काढून टाकली. तरी उत्तरे व्यवहाराला पुरेशी अचूक. खेड्यातल्या जोश्याच्या हातात पेलेल असे शास्त्र केले, म्हणून ते साडेतीनशे वर्षे टिकले.

पण आकाश कोणासाठी थांबत नाही. दीक्षितांच्या तरुणपणी पंचांगाचा वाद महाराष्ट्रात पेटला होता. केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६० मध्ये युरोपीय कोष्टकांच्या आधारे ग्रहसाधनाची मराठी कोष्टके तयार केली आणि काही वर्षांतच नवे पंचांग निघाले. आबा पटवर्धनांच्या आश्रयाने चालले म्हणून ते पटवर्धनी पंचांग. ग्रहणाची वेळ त्यावरून बरोबर येई. विसाजी रघुनाथ लेले त्याही पुढे गेले. त्यांचा आग्रह सायन पंचांगाचा होता. ठाण्याचे जनार्दन बाळाजी मोडक आणि आपले दीक्षित त्यांना मिळाले आणि तिघांच्या प्रयत्नाने सायन पंचांग छापून निघू लागले.

सायन-निरयन हे शब्द ऐकले की वाचक पान उलटतो, म्हणून संक्रांतीचे उदाहरण घेऊ. उत्तरायण म्हणजे सूर्य दक्षिण टोकाला जाऊन उत्तरेकडे वळतो तो दिवस. तो २१ किंवा २२ डिसेंबरला येतो. सावली मोजून कोणालाही पाहता येईल. आपली मकरसंक्रांत मात्र जानेवारीच्या १४ ला, कधी १५ ला. स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ चा, आणि त्या दिवशी मकरसंक्रांत होती. संक्रांत पुढे सरकते आहे. सूर्यसिद्धांताचे वर्ष ३६५ दिवस, १५ घटका आणि साडेएकतीस पळांचे. ऋतूंचे वर्ष याहून जवळजवळ चोवीस मिनिटांनी लहान. साठ वर्षांत एक दिवसाचा फरक पडतो. असेच चालू राहिले तर काही हजार वर्षांनी चैत्र पावसात येईल. सायनवाद्यांचे म्हणणे एवढेच होते की महिने ऋतूंना बांधा, कारण वेदांतले मधु-माधव हे महिने वसंत ऋतूचेच आहेत.

लोकांनी ते पंचांग स्वीकारले नाही. एकादशी आणि श्राद्धतिथी सांगायला घरच्या भिंतीवर वर्षानुवर्षे टांगलेले पंचांगच हवे होते. पुढे १९५२ मध्ये मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखाली दिनदर्शिका सुधारणा समिती बसली आणि २२ मार्च १९५७ पासून, म्हणजे १ चैत्र १८७९ पासून भारताने जी राष्ट्रीय दिनदर्शिका स्वीकारली, तिचे महिने ऋतूंना बांधलेले, म्हणजे सायनच आहेत. धार्मिक व्यवहारात मात्र संक्रांत अजून जानेवारीतच आहे.

वादात पडलेला माणूस बहुधा आपल्या बाजूचेच पुरावे गोळा करतो. दीक्षितांचा मोठेपणा इथे दिसतो. त्यांनी सगळ्यांचे गोळा केले. कुठल्या प्रांतात कुठल्या ग्रंथावरून पंचांग करतात, महाराष्ट्रात ग्रहलाघव, काशीकडे मकरंद, तमिळ मुलखात वाक्यपंचांग, हे सारे त्यांनी नोंदवले. पोथ्या जमवल्या, नकलून घेतल्या, त्यांतले आकडे एकमेकांशी ताडून पाहिले. पेशव्यांच्या श्रावणातल्या दक्षिणेचा जो पैसा इंग्रजी अमलात मराठी ग्रंथांच्या बक्षिसांकडे वळवला गेला, त्या दक्षिणा प्राइझ कमिटीचे बक्षीस त्यांच्या ग्रंथाला मिळाले. लिहून झाल्यावरही छापायला काही वर्षे गेली. अखेर १८९६ मध्ये पुण्याच्या आर्यभूषण छापखान्यातून ‘भारतीय ज्योतिषशास्त्राचा प्राचीन आणि अर्वाचीन इतिहास’ बाहेर पडला.

मी तो पहिल्यांदा पाहिला तो एका वाचनालयात, १९३१ च्या दुसऱ्या आवृत्तीत. पान उलटले की कडेचा तुकडा हातात येत होता. पाचशेहून अधिक पाने. पहिल्या भागात वेदांचा आणि वेदांगांचा काळ. दुसऱ्यात सिद्धांतांचा काळ, त्यात गणित, संहिता, जातक असे तीन स्कंध. मधे मधे आकड्यांची कोष्टके: कुठल्या सिद्धांतात सूर्याचे वर्ष केवढे, कुठल्यात चंद्राच्या फेऱ्या किती, ते आजच्या मानाने किती चुकले. आपल्या ज्योतिषावर कोणी परकीयाने शेरा मारला असेल तर दीक्षित आधी त्याचे म्हणणे पुरते मांडतात आणि मग आकड्यांनी उत्तर देतात. व्हिटनीसारख्या पाश्चात्त्य अभ्यासकांच्या मते आपले गणितज्योतिष ग्रीकांकडून आलेले होते. त्यावर रागाने दोन ओळी लिहून मोकळे होता आले असते. दीक्षितांनी त्यासाठी पानेच्या पाने गणित मांडले आहे. शाळेत फळ्यावर रीत दाखवावी तसे. कोणाला वाटेल, इतके सविस्तर कशाला? मला वाटते, वाचकाने आपल्या शब्दावर विश्वास ठेवावा अशी त्यांची अपेक्षाच नव्हती. त्याने करून बघावे, अशी होती. ‘ज्योतिर्विलास’ हे त्यांचे लहान पुस्तकही तसेच. सामान्य माणसाला रात्री अंगणात उभे करून आकाश दाखवणारे.

त्याच १८९६ साली लंडनमध्ये त्यांचे आणखी एक पुस्तक निघाले. रॉबर्ट स्यूएल हे मद्रासकडचे सनदी अधिकारी; पुढे विजयनगरवरच्या ग्रंथामुळे ते नावारूपाला आले. त्यांच्याबरोबर दीक्षितांनी ‘द इंडियन कॅलेंडर’ तयार केले. इसवी सन ३०० ते १९०० या सोळाशे वर्षांतली कुठलीही हिंदू तिथी इंग्रजी तारखेत कशी आणायची, त्याची ही जंत्री. व्हिएन्नाच्या रॉबर्ट श्राम यांनी भारतात दिसलेल्या सूर्यग्रहणांची कोष्टके त्याला जोडली. विद्वानांइतकीच ही जंत्री कोर्टकचेऱ्यांसाठी होती. जमिनीच्या वादात लोक जुने दानपत्र, जुनी सनद पुढे करत. ती खरी की बनावट? खोटे दस्तऐवज करणाऱ्याला जुनी अक्षरे वळवता येतात, कागद धुरात धरून पिवळा करता येतो. पण दोनशे वर्षांपूर्वीच्या मार्गशीर्ष वद्य पंचमीला मंगळवार होता की बुधवार, हे त्याला ठाऊक नसते. वार चुकला की दस्तऐवज संशयात.

शिवजन्माच्या तिथीपासून पानिपतापर्यंत आपण ज्या तारखा सहज बोलून जातो, त्या शकावल्यांतून आणि बखरींतून इसवी सनात आणायला अशाच जंत्र्या लागल्या. दीक्षितांनी ती रीत घालून दिली.

आता कृत्तिकांकडे वळतो. दीक्षितांचे नाव ज्या एका शोधासाठी सर्वांत जास्त घेतले जाते, तो कृत्तिकांचा.

शतपथ ब्राह्मणात अग्न्याधान कुठल्या नक्षत्रावर करावे याची चर्चा आहे. तिथे कृत्तिकांची बाजू मांडताना म्हटले आहे की बाकीची नक्षत्रे एक, दोन, तीन किंवा चार ताऱ्यांची, कृत्तिकाच पुष्कळ. आणि या कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहीत, बाकीची सगळी ढळतात. हे वाक्य शेकडो पंडितांनी वाचले असेल, पाठ म्हटले असेल. दीक्षितांना त्यात एक मोजमाप दिसले. पूर्वेपासून न ढळणे म्हणजे नेमके पूर्वेला उगवणे, म्हणजे तारा विषुववृत्तावर असणे. आज कृत्तिका तिथे नाहीत. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा हळूहळू डोलतो, त्यामुळे संपातबिंदू सरकतो. साधारण बहात्तर वर्षांत एक अंश, पूर्ण फेरीला सुमारे पंचवीस हजार आठशे वर्षे. मग कृत्तिका विषुववृत्तावर कधी होत्या, हे त्रिकोणमितीचे सरळ गणित आहे. संपात तेव्हापासून एकोणसत्तर अंशांच्या आसपास सरकला आहे. म्हणजे इसवी सनापूर्वी सुमारे तीन हजार वर्षे.

हे १८९५ च्या सुमाराला त्यांनी ‘इंडियन अँटिक्वरी’त मांडले. टिळकांचा ‘ओरायन’ नुकताच, १८९३ मध्ये निघाला होता, आणि वेदांच्या काळावर पुण्यापासून जर्मनीपर्यंत वाद रंगला होता. दीक्षितांच्या निष्कर्षावरही हरकती आल्या. ते वाक्य मोजमाप म्हणून घ्यावे का? ग्रंथ लिहिला गेला तेव्हाचे निरीक्षण ते, की पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली जुनी आठवण? माझे मत विचाराल तर, त्या वाक्यावरून संपूर्ण ग्रंथाचा काळ ठरवणे जड जाते. पण कधीतरी कोणीतरी पहाटे उभे राहून कृत्तिका ठीक पूर्वेला उगवताना पाहिल्या असाव्यात, हे नाकारणेही तितकेच जड जाते.

दीक्षितांच्या ग्रंथाचे हिंदी भाषांतर १९५७ मध्ये लखनौहून निघाले. इंग्रजी भाषांतर आर. व्ही. वैद्य यांनी केले. त्याचा पहिला भाग भारत सरकारने १९६९ मध्ये छापला, दुसरा १९८१ मध्ये. मूळ मराठी ग्रंथ इंग्रजीत पुरता यायला पंच्याऐंशी वर्षे लागली. हिंदी भाषांतर येईपर्यंत तर जगातल्या ज्या अभ्यासकाला तो हवा होता त्याला मराठी शिकणे भाग होते, किंवा मराठी जाणणारा कोणी गाठणे.

गेल्या कार्तिकात मी मुरूडला गेलो होतो. समुद्र पश्चिमेला, त्यामुळे कृत्तिका बघायच्या तर पाण्याकडे पाठ करून दापोलीच्या डोंगराकडे तोंड करावे लागते. ज्यांच्याकडे उतरलो होतो त्या आजींना अंगणातला दिवा बंद करायला सांगितला. ‘काय बघताय?’ त्यांनी विचारले. कृत्तिका, म्हटले. ‘मग थांबा, त्या आंब्याच्या डावीकडून येतील. दर वर्षी तिथूनच येतात.’ मी होकायंत्र जमिनीवर ठेवले, ठीक पूर्वेला एक काठी आडवी टाकली. काळोख दाटला तसा डोंगराच्या कडेवर तो बारीक ताऱ्यांचा पुंजका वर आला, आंब्याच्या डावीकडून. हात लांब करून मूठ धरली की आकाशात साधारण दहा अंश झाकले जातात. काठीच्या टोकापासून मी डावीकडे, उत्तरेच्या अंगाला मोजत गेलो. एक मूठ, दोन मुठी, आणि आणखी अर्धी.